दारावरचा लाल टॅग

आमच्या कंपनीच्या रिसेप्शनमध्ये सोफ्याच्या वर मॅडमचा मोठा फोटो लावलेला आहे. हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र, मागे सुताच्या बॉबिनांची रांग. खाली लिहिलंय, ‘मातृत्व आणि तंत्रज्ञान यांचा सुंदर समतोल.’ रोज सकाळी मी त्या फोटोखालून आत जाते आणि रोज माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. एक तर मॅडम अशा गोड हसत नसत, ते हसू फोटोवाल्याने कॉम्प्युटरवर बसवलंय. दुसरं म्हणजे, ज्या माणसाने हौसेने तो फोटो लावून घेतला त्यानेच त्यांना इथे राहणं नकोसं केलं.

तो माणूस म्हणजे आमचा प्लांट हेड. सगळे त्याला साहेब म्हणतात, मीही तोंडावर म्हणते. इथे लिहिताना मात्र अहोजाहो करायची माझी इच्छा नाही.

सिल्वासाजवळच्या सायलीतली आमची कंपनी पॉलिस्टरचं सूत काढते. मॅडम तिथे कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख होत्या. कुठलं मशीन चालू आहे, कुठलं बंद, का बंद, कोण दुरुस्त करतोय, हे सगळं ज्या सिस्टिममध्ये दिसतं ती त्यांनी उभी केलेली. त्यांचे वडील रत्नागिरीकडून सिल्वासाच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि इथलेच झाले. त्यामुळे मॅडमचं बोलणं एरवी मास्तरांच्या मुलीचं, स्वच्छ. राग आला की मात्र थेट कोकणात. मी धुळ्याकडून आलेली, सिल्वासातल्याच आमलीत भाड्याच्या खोलीत राहणारी, त्यांच्या हाताखालची नवी पोरगी होते.

माझ्या पहिल्याच मीटिंगमध्ये साहेब उत्पादनाबद्दल बोलत होता आणि मॅडमच्या पर्समधून मॅडमचाच आवाज आला, “ऊठ गो. मावशी चप्पल घालत असतील. ह्यांचं काय संपायचं नाय.” मला वाटलं, आता ही बाई शरमेने मरणार. त्यांनी शांतपणे लॅपटॉप मिटला आणि उभ्या राहिल्या.

“मॅडम, मीटिंग चालू है,” साहेब म्हणाला.

“आपकी चालू है,” मॅडम म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मोबाईलचे सगळे गजर त्यांनी स्वतःच्या आवाजात भरून ठेवले होते. मोबाईलसोबत आलेल्या घंटेला आपण जुमानत नाही, पण स्वतःच्या शिव्या खाल्ल्या की माणूस हलतो, असं त्यांचं म्हणणं. लेकीच्या औषधाचा गजर, डब्याचा गजर, पाणी पिण्याचा गजर. एक गजर नुसता म्हणायचा, “बस झालं, आता रड आणि तोंड धू.” तो वाजला की त्या खरंच उठून बाथरूममध्ये जायच्या. रडत होत्या की नाही ते मला कधी कळलं नाही, पण तोंड धुऊन यायच्या हे नक्की.

भाजी, दूध मोबाईलवरून यायचं. शाळेच्या बसचा ठिपका त्यांच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात सरकत असायचा. स्वयंपाकघरात कॅमेरा होता, त्यातून इकडचं तिकडे बोलताही यायचं. शाळेतून आल्यावर लेकीला कामाला ठेवलेल्या मावशी संध्याकाळपर्यंत सांभाळायच्या आणि मॅडम सायलीतून आमलीतल्या घरावर नजर ठेवायच्या. कुणी म्हणालं की मॅडम, मोबाईल म्हणजे तुमचा तिसरा हात, तर त्या उसळायच्या. “हात कसला? त्याला डोळे आहेत आणि तोंड आहे. अ‍ॅप पोराला कडेवर घेत नाही.” हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं होतं की कँटीनवालासुद्धा ते म्हणून दाखवायचा.

त्यांचे यजमान गलोंड्याला प्लास्टिकच्या कारखान्यात होते. गरीब स्वभावाचा माणूस. एकदा आमच्यासमोर म्हणाले, “मी हिला घरात बरीच मदत करतो.” मॅडम म्हणाल्या, “मदत पाहुणे करतात. तुम्ही त्या घरात राहता.” ते बिचारे हसले. त्यांना वाटलं कौतुक आहे.

आता टॅगबद्दल सांगायला हवं. कारखान्यात एक नियम साहेबाच्याही वर असतो. मशीन दुरुस्तीला घेतलं की फिटर वीज तोडतो, कुलूप घालतो आणि स्वतःच्या नावाचा लाल टॅग लटकवतो. ‘काम चालू आहे. हात लावू नये.’ खाली नाव आणि काय काम ते. हा टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा. तिघं काम करत असतील तर तीन टॅग, आणि शेवटचा निघेपर्यंत मशीन सुरू होत नाही. मालक आला तरी दुसऱ्याच्या टॅगला हात लावायचा नाही, कारण पलीकडे कुणाचे तरी हात मशीनच्या आत असतात.

मॅडम या नियमाच्या प्रेमात होत्या. कंपनीतली एवढी एकच गोष्ट माणसाच्या शब्दाला मान देते, असं म्हणायच्या. मेंटेनन्सच्या स्टोअरमधून टॅगचा गठ्ठाच आणून ठेवला होता. जेवताना कॉम्प्युटरला टॅग. घरी अंघोळीला गेल्या की बाथरूमच्या कडीला टॅग, काम: ‘एकटी बसणे’. दिवाळीत यजमानांनी भांडी घासायचं कबूल करून टाळलं, तर टीव्हीला टॅग. तो भाऊबीजेपर्यंत निघाला नाही म्हणे.

मग महिला दिन आला. कंपनीला महिला दिनाला बायका आठवतात. त्या वर्षी साहेबाने मॅडमना सांगितलं, तुम्ही घर आणि काम कसं सांभाळता ते सगळ्यांना पडद्यावर दाखवा. मॅडमना बरं वाटलं, हे मी पाहिलं आहे. त्यांनी मन लावून तयारी केली. गजर दाखवले, बसचा ठिपका दाखवला, कॅमेरा दाखवला. लोक हसले, टाळ्या वाजल्या. शेवटी त्या म्हणाल्या, “हे सगळं वरवरचं आहे. खरं तर आपल्याला इथे एक खोली हवी, पाळणाघराची. तेवढ्यासाठी मी आज उभी राहिले.”

साहेब उठला, माईक घेतला आणि हसत म्हणाला, “अरे, मॅडमने अभी तो दिखाया. इतना अच्छा मोबाईल से हो जाता है, तो पाळणाघर किस लिये?” आणि त्यांच्या हातात भेट म्हणून टॅबलेट ठेवला. फोटो काढला. तोच फोटो.

मागच्या रांगेत पॅकिंगमधल्या बायका बसल्या होत्या. या कंत्राटाच्या, आसपासच्या गावांतल्या. त्यांतली एक मध्यमवयीन बाई उभी राहिली. तिला आम्ही पॅकिंगवाली ताई म्हणायचो. ती म्हणाली, “मॅडम, आमचा मोबाईल तं गेटवर जमा ऱ्हातो. आमी पोराला कशात पाह्याचा?”

साहेबाने समोसे वाटायला सांगितले. मॅडम स्टेजवर तो टॅबलेट धरून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा एखाद्याने भर चौकात थोबाडीत मारल्यासारखा झाला होता. साहेबाने त्यांच्या हुशारीचाच दगड करून त्यांच्याच मागणीवर मारला होता. वर्ष-दोन वर्षं झाली, पण ते आठवलं की मला आजही समोसा गिळवत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते घडलं. दुपारी आम्ही दोघी काम करत होतो. मोबाईलने सांगितलं, स्वयंपाकघरात हालचाल. मॅडमनी बघितलं. मावशी मागे कपडे वाळत घालत होत्या आणि लेक स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा ओढत होती. मॅडम मोबाईलमध्ये ओरडल्या, “खाली उतर.” छतातून अचानक आईचा आवाज आला म्हणून पोरीने वर पाहिलं आणि तिचा पाय सरकला.

आम्ही दोघींनी ते पाहिलं. सगळं स्वच्छ दिसलं, रंगीत, आवाजासकट. मॅडमचा हात स्क्रीनकडे गेला होता, पकडायला गेल्यासारखा. मग त्या धावल्या, मागोमाग मी. सायलीहून आमलीला जाताना ट्रकांच्या रांगेत त्या गाडीत नुसत्या म्हणत होत्या, “माझ्याच आवाजाने पडली गो ती. माझ्याच आवाजाने.” पोरीचा हात मोडला होता.

दुसऱ्या आठवड्यात मॅडम हाताला प्लास्टर घातलेल्या लेकीला घेऊन कंपनीच्या गेटवर आल्या. सिक्युरिटीवाला म्हणाला, बच्चा अलाऊड नहीं. गेटची सिस्टिम मॅडमचीच. त्यांनी तिथेच उभं राहून व्हिजिटर पास काढला. भेटायचं कोणाला: आई. काम: आईपाशी बसणे. सिक्युरिटीवाल्याला पासावर सही करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

ऑफिसच्या इमारतीत आमच्या विभागाची एक खोली होती, मोडके कॉम्प्युटर टाकायची. ती आम्ही दोघींनी झाडली, गाद्या टाकल्या. मॅडमनी दाराला लाल टॅग लावला. खाली स्वतःचं नाव आणि काम: ‘पाळणाघर’. मग त्या स्वतः पॅकिंगमध्ये जाऊन सांगून आल्या, तुमची पोरं आणा, गेटवर पास मी काढते. आधी पॅकिंगवाली ताई आपल्या नातवंडाएवढ्या धाकट्याला घेऊन बिचकत आली. मग दुसऱ्या आल्या. एकीची सासू दिवसभर पोरांपाशी बसायला लागली.

आणि इथे मॅडमनी त्यांचं खरं डोकं लावलं. पॅकिंगच्या बायकांकडे मोबाईल नाही, पण प्रत्येक विभागात मशीन बंद पडल्यावर पेटणारा दिवा आहे. मॅडमनी पोरांची नावं मशीनच्या सिस्टिममध्ये घातली. पोर रडायला लागलं की सासूबाईंनी खोलीतलं बटण दाबायचं, पॅकिंगमध्ये निळा दिवा पेटायचा आणि पाटीवर नाव यायचं. जिचं पोर ती बाई शेजारणीला काम देऊन येऊन जायची. मॅडम म्हणाल्या, “आता कुठे हे यंत्र कामाचं झालं. नुसतं दाखवत नाही, आईला बोलावतं.” त्या काळात त्या मला हसताना दिसल्या. फोटोतल्यासारख्या नव्हे, दात दाखवून.

पण पोरं मशीनच्या सिस्टिममध्ये घातली की ती मशीनच्या रिपोर्टातही येणार. रोज सकाळी साहेब मुंबईच्या मोठ्या ऑफिसला कॅमेऱ्यासमोर बसून आदल्या दिवशीची बंद मशीनं वाचून दाखवायचा. त्या दिवशी वाचता वाचता तो अडकला. पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. बिघाड: भूक. दुरुस्ती: आईने केली. बिघाड: शी. दुरुस्ती: आजीने केली. बिघाड: कारण समजले नाही. दुरुस्ती: कडेवर घेतले.

मुंबईची माणसं खो खो हसली. मॅडम पुढे म्हणायच्या, रिपोर्टातून पोरांची नावं गाळायची राहूनच गेली. इतक्या काटेकोर बाईकडून असं काही राहून जातं यावर मी विश्वास ठेवत नाही, आणि विचारायला मी गेले नाही.

साहेब खुर्चीतून उठला तो थेट त्या खोलीपाशी. मी पाठोपाठ होते. त्याने दाराचा लाल टॅग धरला आणि हिसडा मारून तोडला. आत पोरं झोपली होती. “खाली करो,” म्हणाला. सासूबाईंनी एकेकाला उठवून बाहेर घेतलं. एक मूल झोपेत चालत भिंतीला थडकलं. टॅग त्याने जमिनीवर टाकला आणि निघून गेला.

तेवढ्यात मेंटेनन्सचा हेड फिटर जिन्यावरून येत होता. शिरपूरकडचा म्हातारा, बोलायला कमी. त्याने टॅग उचलला, नाव वाचलं.

“ताई, हाऊ टॅग कोनी काढा?” त्याने मला विचारलं.

“साहेबांनी.”

“मॅडमनी नही?”

“नाही.”

त्याने टॅग खिशात घातला आणि खाली गेला. थोड्या वेळाने मेंटेनन्सची सगळी माणसं हत्यारं बाजूला ठेवून बाकावर बसली होती. बंद मशीनं बंदच राहिली, मग एकेक करत आणखी बंद पडत गेली आणि सगळ्या विभागांत दिव्यांची माळच लागली. साहेब धावत आला. पाळणाघर ही तुमची भानगड नाही, म्हणाला.

हेड फिटर उभा राहिला. “साहेब, पाळनाघरनं आमले काय माहीत नही. पन आमना हात मशीनमा ऱ्हातस. आज तुमी दारना टॅग काढा, उद्या मशीनना काढशात. मंग आमी कोनता भरोसावर हात घालूत?”

साहेब म्हणाला, तो टॅग नियमातला नव्हताच. पण त्याच्या तोंडावर कुणी ते मान्य केलं नाही. मुंबईहून फोनावर फोन येत होते. संध्याकाळी तो मॅडमकडे आला आणि म्हणाला, टॅग परत लावा, खोली घ्या. मॅडमनी टॅग लावला. हेड फिटरने खिळा ठोकून दिला.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण साहेब ही गोष्ट पोटात ठेवून बसला होता. पुढच्या महिन्यात खोलीला रंग लागला, रिबीन बांधली गेली, साहेबाने कापली. आणि दुसऱ्या दिवशी एचआरची सूचना आली. पाळणाघर फक्त कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी. कंत्राटाच्या बायकांच्या पोरांची जबाबदारी कंत्राटदाराची. म्हणजे ज्यांच्या पोरांमुळे ती खोली उभी राहिली, त्याच बाहेर. निळा दिवा काढून टाकला. आमच्या कंपनीच्या स्वतःच्या बायका ऑफिसात तेवढ्या, हाताच्या बोटांवर मोजाव्या अशा. त्यांच्या पोरांना सांभाळायला घरी माणसं होती.

मॅडम भांडल्या. मुंबईपर्यंत लिहिलं. मग त्यांची कामं एकेक करून दुसऱ्यांना दिली जाऊ लागली, मीटिंगचं बोलावणं येईनासं झालं. साहेब गोड आवाजात म्हणायचा, मॅडम, आप घर से काम करो ना, बेटी भी संभल जायेगी. शेवटी त्यांनी वापीच्या एका कंपनीत नोकरी धरली. जाताना सगळं माझ्या हवाली केलं, चाव्या, पासवर्ड, टॅगचा गठ्ठा. दारावरच्या टॅगला मात्र हात लावला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, “काम पुरं झालंय काय? मग कसला काढतेस?”

आता त्यांच्या खुर्चीवर मी आहे. मला मूलही झालं आहे. त्या खोलीत झोपतं ते बहुतेक वेळा एकटं माझंच मूल. आणि या सोमवारी साहेबाने मला बोलावलं. म्हणाला, पाळणाघर में कोई आता ही नहीं, तिथे मीटिंग रूम करायची आहे, पाहुणे बसतील. तुम मॅडम की जगह हो, वो टॅग तुम निकाल सकती हो.

आधी दार लावून घ्यायचं आणि मग म्हणायचं, कुणी येतच नाही. माझे कान तापले. मी त्याच्या केबिनमधून बाहेर आले आणि मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं.

“पॅकिंगवालीचा धाकटा आत येतो काय?” त्यांनी विचारलं.

“नाही. ती त्याला भावाकडे गावाला ठेवून येते. आठवड्याने भेटतो.”

तेवढ्यात फोनमध्येच त्यांच्या आवाजातला गजर वाजला, कुठल्याशा औषधाचा. तो संपेपर्यंत त्या थांबल्या. “माझा टॅग मी काढत नाय,” त्या म्हणाल्या. “पण तो जुना झाला गो. माझं नाव तिथे आता कोण वाचतं?”

मी गठ्ठ्यातून एक कोरा टॅग घेतला. माझं नाव लिहिलं, काम: ‘पाळणाघर, सगळ्यांचं’. मॅडमच्या टॅगखाली त्याच खिळ्याला अडकवला. मग गठ्ठा घेऊन पॅकिंगमध्ये गेले. साहेबाने बघितलं तर बघू दे, अशा रागात गेले. पॅकिंगवाल्या ताईला टॅग दिला. ती म्हणाली, “मी कंत्राटाची. माजा चालंल का?”

“तिघं काम करत असतील तर तीन टॅग,” मी म्हटलं.

तिने नावाच्या जागी आपलं नाव लिहिलं आणि कामाच्या जागी धाकट्याचं. शेजारणीने हात पुढे केला. मग तिच्या शेजारणीने.

आज सकाळी दारावर खिळा कमी पडला, हेड फिटरने दुसरा ठोकला. साहेब पाहुण्यांना घेऊन तिथून चालला होता. थांबला. एकेक टॅग वाचत गेला, शेवटपर्यंत. मी माझं मूल कडेवर घेऊन दारात उभी होते. या वेळी त्याने हात खिशातून बाहेर काढला नाही.